लॅब्रेडॉरवाल्या काकांचे मनापासून आभार

आमच्या मोत्याला गोचीड ताप झाला. गोचिडीतून एर्लिकियाचे जंतू रक्तात जातात आणि प्लेटलेट्स घसरतात. त्याच्या नाकातून रक्त थांबेना, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. डॉक्टर म्हणाले, रक्त द्यावंच लागेल. देणारा कुत्रा २५ किलोंच्या वरचा, धडधाकट, लसी झालेला हवा. एवढ्या रात्री तो आणायचा कुठून? निरोप फिरला आणि हडपसरहून एक काका भर पावसात आपला लॅब्रेडॉर घेऊन आले. क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का याची तपासणी, जुळलं. लॅब्रेडॉरच्या गळ्याजवळचे केस काढून सुई लावली, तेव्हा काका त्याचं डोकं मांडीवर घेऊन कानामागे खाजवत बसले होते, आणि मधूनच आमच्या आईला धीर देत होते. पेट्रोलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

डॉक्सिसायक्लिन हे जंतू मारणारं औषध अजून चालू आहे, पण काल मोत्याने दूधभाकरी चाटूनपुसून खाल्ली. काका, तुम्ही नाव न सांगताच निघालात. तुमचे आणि तुमच्या गुणी लॅब्रेडॉरचे खूप खूप आभार!