दानी आला रे

सातारा, रविवार रात्र

प्रिय प्रकाश,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

दोन वर्षं झाली, तुला नाताळाचं साधं कार्डसुद्धा पाठवलं नाही. तुझे फोन आले तेही उचलले नाहीत. रागव, तुझा हक्क आहे. पण आज जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही. त्या दिवशी फाटकापाशी आम्हा दोघा भावांच्या मधे तूच उभा होतास. माझी शुगर आटोक्यात आहे, हिचा गुडघा तसाच.

दानी आला रे.

आज चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. भाकरीचं तबक माझ्या हातात. एकेका बाकापाशी थांबत मागे गेलो, तर शेवटच्या बाकावर, खांबाआड, तो. केस पार पांढरे झालेत. मी तबक पुढे केलं. त्याने वर बघितलं, तबकाच्या कडेला नुसतं बोट लावलं आणि ते शेजारच्या आजोबांकडे सरकवलं. घेतलं नाही. का घेतलं नाही, ते मला तिथंच कळलं. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन समेट कर, हे आपण तिघं एकाच बाकावर शिकलो. त्याने ते पाळलं. मी मात्र सहा वर्षं घेत आलो, वाटतही आलो.

उपासना सुटल्यावर तो टेम्पोपाशी उभा होता. "दादा, हे ठेव," म्हणून प्लॅस्टिकची पिशवी हातात दिली आणि निघूनही गेला. घरी येऊन उघडली. अकरा हजार. शंभराच्या, पन्नासाच्या नोटा, रबर लावलेल्या, घडीघडीत आल्याची माती. कोरेगावकडून आल्याची पोती वाहतो, असं ताईच्या तोंडून ऐकलं होतं. आत चिठ्ठी, दोनच शब्द: 'पहिला हप्ता'.

दुपारपासून घास गिळवत नाही. "आधी पैसे आण, मग भाऊ म्हण," हे माझेच शब्द ना. तू माझं मनगट धरलंस तेव्हा तुलाही बोललो होतो, "तुला सख्खा भाऊ नाही, तुला काय कळणार?" प्रकाश, त्याची माफी मी कधी मागितली नाही. आज मागतो.

आता हे पैसे घेऊ का? घेतले तर 'पैसे आण' हे खरं ठरलं, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत तो माझा ऋणकोच राहणार. परत केले तर त्याच्या घामावर थुंकल्यासारखं. ही म्हणते, त्याच्या पोरीच्या नावाने बँकेत टाका. ताई म्हणते, घे, त्याला ताठ मानेने घरात येऊ दे. दोघींचंही पटतं, म्हणून तर झोप नाही.

मंडळीत मी सगळ्यांना बंधू म्हणतो. गेल्या पावसात त्या नव्या कुटुंबाचं छप्पर उडालं, तीन आठवडे घरात ठेवून घेतलं, भाड्याचा विषयही काढला नाही. किंमत लावली ती एका आईच्या पोटी आलेल्याला. बाबा सांगायचे ना, ह्याच साताऱ्यात 1917 साली नारायण वामन टिळकांनी 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकाच बंधुत्वात. सांगताना बाबांचा आवाज भरून यायचा. त्यांच्याच घरात मी दानीला दार लावलं.

आणि ती दाराआडची भिंत आठवते? भावाला सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर, हे शिकलो त्या दिवसापासून मी मारलं की तो पेन्सिलने रेघ ओढायचा. "दादा, 490 पैकी 38 झाल्या!" तू म्हणायचास, दान्या, तुझा हातचा राहिला, परत मोज. की तो बिचारा खरंच परत मोजायला बसायचा, आणि आपण पोट धरून हसायचो. मारणारा मी, क्षमा करणारा तो. आज संध्याकाळी दार बंद करून बघितलं. भिंतीला तीन रंग झाले, रेघा कुठून दिसणार? तरी हात फिरवत बसलो.

तुझ्या सुनेचं बाळंतपण झालं असेल. काय झालं, नाव काय ठेवलं, कळव. पेन्शनचे कागद निघाले का? वहिनींना सलाम. कंदी पेढे पाठवतो, पण या वेळी त्यांच्या हाती पोचू देत, वाटेत तू संपवू नकोस.

शनिवारी कोरेगावला त्याच्याकडे जातोय, एवढं नक्की केलंय. पिशवी बरोबर नेऊ की नको, ते तू सांग. पत्र उद्या स्पीड पोस्टने टाकतो. शुक्रवारच्या आत फोन कर. उचलीन.

तुझा,
वसंत