पेचोरीच्या वेशीवरून

तार्तू,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुहास,

नकाशाचा फोटो पाठवून तू विचारलंस, "हा बूट कसला रे?" तो सात्से नावाच्या एस्टोनियन गावाजवळचा 'सात्सेचा बूट'. रशियाच्या प्स्कोव्ह प्रांतातल्या पेचोरी जिल्ह्याचा तुकडा इथे एस्टोनियात असा घुसलाय, की एस्टोनियातल्याच गावांना जोडणारा रस्ता साधारण ९०० मीटर रशियातून जायचा. व्हिसा-बिसा काही नको, फक्त थांबायचं नाही आणि पायी जायचं नाही. उन्हाळ्यात आम्ही गेलो तर मित्राची खटारा गाडी नेमकी तिथेच आचके द्यायला लागली. मिनिटभराचा रस्ता, पण मी मनात रामरक्षा सुरू केली होती! गेल्या महिन्यात बुटात हत्यारबंद माणसं दिसली आणि एस्टोनियाने रस्ताच बंद केला.

तिढा जुना आहे. रशिया आणि एस्टोनियात झालेल्या १९२० च्या तार्तू तहात पेचोरी एस्टोनियाकडे आलं, 'पेत्सेरी' म्हणून. १९४४ मध्ये सोव्हिएत सरकारने ते काढून प्स्कोव्हला जोडलं. एस्टोनियाही तेव्हा सोव्हिएत संघातच, देश एकच असल्यामुळे लोकांचं जाणंयेणं चालूच राहिलं. १९९१ मध्ये एस्टोनिया स्वतंत्र झाला आणि त्या कागदावरच्या रेघेवर चौक्या बसल्या. सीमाकरारावर २००५ मध्ये सह्या झाल्या, रशियाने आपली मागे घेतली. २०१४ मध्ये पुन्हा सह्या, मंजुरी अजून लटकलेलीच.

मधल्यामध्ये अडकले सेतो लोक. बोली एस्टोनियनच्या जवळची, धर्म रशियनांसारखा ऑर्थोडॉक्स. यांचा बाजार पेचोरीत, १४७३ चा मठ पेचोरीत, आजी-आजोबांच्या कबरीही तिकडेच. २८ ऑगस्टला मठात मेरीमातेचा मोठा उत्सव असतो. त्या दिवशी सेतो कबरीवर चक्क टेबलावरची चादर अंथरतात, उकडलेली अंडी, पाव, शहाजिरं घातलेलं घरगुती चीज मांडतात आणि तिथेच बसून जेवतात. आपण पितरांचं पान कावळ्यासाठी ठेवून मागे सरतो, हे पितरांच्या पंगतीलाच बसतात. इकडच्या वेर्स्का गावात एका म्हातारीने मला तसली चादर दाखवली, काठाला लाल विणकाम केलेली. आईची कबर पलीकडे आहे म्हणाली. इस्त्री करून, घडी घालून ठेवली होती. मी पुढे काही विचारलं नाही.

तू आलास की तार्तूहून रेल्वेने कोइदुलाला जाऊ. जुनं पेचोरी स्टेशन रशियात गेल्यामुळे २०११ मध्ये हे नवं बांधलं. पेचोरी तिथून हाकेच्या अंतरावर, पण आपली गाडी तिथूनच मागे फिरते.

येताना मेतकूट आण, मागच्या वेळसारखं विसरू नकोस.

तुझा,
अन्या