मनगटाचा पट्टा मिळतो, बांधायला कोण शिकवणार?

मा. संपादक,

गेली अकरा वर्षे मी फलटणमध्ये पोळी-भाकरी केंद्र चालवते. मागच्या पावसाळ्यात रात्री दोन-अडीचला उजव्या हाताला अशा मुंग्या यायला लागल्या की उठून बसावे लागे. ओला हात झटकावा तसा झटकला की जरा बरे वाटे. अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर, करंगळी मात्र ठणठणीत. सासूबाई म्हणाल्या वात आहे, एका डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढायला लावला. शेवटी निदान झाले ‘कार्पल टनेल’. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटांकडे जाणारी नस दबते.

चिठ्ठीवर मनगटाचा पट्टा लिहून मिळाला. मेडिकलवाल्याने ‘मीडियम की लार्ज?’ एवढेच विचारले. मी तो दिवसभर घालून पोळ्या लाटायची, कणकेने बरबटायचा, आणि रात्री धुऊन वाळत टाकून झोपायची. दोन महिने असे गेले, फरक शून्य. ऑपरेशनची तारीख घेतली. केंद्राला कुलूप लावावे लागणार, हीच काळजी मोठी होती.

मध्ये मुंबईला बहिणीकडे गेले, तेव्हा तिने एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट (दुखण्यातही रोजची कामे जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या) बाईंना हात दाखवायला नेले. त्यांनी पट्ट्याच्या खिशातून अॅल्युमिनियमची पट्टी ओढून काढली. ती वरच्या बाजूला वाकलेली होती. टेबलाच्या कडेवर दाबून त्यांनी ती सरळ केली आणि परत आत सरकवली. मनगट खाली दुमडले काय किंवा मागे वाकले काय, बोगद्यातला दाब वाढतोच. म्हणून ते सरळ हवे. आणि पट्टा मुख्यतः रात्रीचा, कारण झोपेत हात कसा मुडपतो ते आपल्याला कळत नाही. निदान सहा आठवडे, एकही रात्र न चुकवता. बोटांची मूठ सहज वळली पाहिजे, वेल्क्रो करकचून आवळायचा नाही. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम!

तिसऱ्या आठवड्यात मी सलग झोपले. ऑपरेशनची तारीख रद्द केली. होळीला पुरणपोळ्यांची ऑर्डर असली की पट्टा पुन्हा बाहेर निघतो, एवढेच.

भाचीने शोधून सांगितले की ब्रिटनमध्ये २३४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सहा आठवड्यांनी स्टिरॉइडचे इंजेक्शन रात्रीच्या पट्ट्यापेक्षा सरस होते, सहा महिन्यांनी दोन्हींत विशेष फरक उरला नाही. म्हणजे पट्टा ही जादू नाही. माझ्या जाऊबाईंच्या अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसला होता, हातातून वाटी निसटायची; त्यांनी ऑपरेशन केले तेच योग्य झाले. तशा अवस्थेत पट्टा बांधून दिवस काढू नयेत. आणि माझ्याकडे कामाला येणाऱ्या एका ओल्या बाळंतिणीचे मनगट अंगठ्याच्या बाजूने दुखायचे. ते दुखणे वेगळे, तिथे अंगठाही धरून ठेवणारा पट्टा लागतो. दुकानातून तिलाही माझ्यासारखाच मिळाला होता.

आमच्या फलटणमध्ये कमला निंबकरांच्या नावाची शाळा आहे. मूळच्या अमेरिकन असलेल्या याच बाईंनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले, ते देशातले पहिले. आणि त्यांच्याच नावाची शाळा असलेल्या गावातल्या मला पट्टा सरळ करून घ्यायला मुंबई गाठावी लागली! तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी असा जाणकार माणूस बसवावा, अशी आरोग्य खात्याला विनंती आहे. ते होईपर्यंत पट्टे बनवणाऱ्यांनी निदान खोक्यातला तो घडी घातलेला कागद मराठीत छापावा. माझ्या खोक्यात होता, पण सगळा इंग्रजीत.

— एक पोळी-भाकरी केंद्रचालक, फलटण (जि. सातारा)