शंभर एमबीपीएस दिसतात, पिंग कोण मोजणार?

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : स्पीड टेस्ट दाखवून ब्रॉडबँडच्या तक्रारी बंद करण्याची पद्धत थांबवण्याबाबत

महोदय,

‘गेम खेळताना नेट अडकतं’ अशी तक्रार केल्यावर पुढे काय होते, हे ऑनलाइन खेळणाऱ्या प्रत्येक घराला पाठ झाले आहे. सकाळी अकराला माणूस येतो, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो, काटा शंभरावर गेला की ‘नेट ओके आहे’ म्हणतो आणि ओटीपी घेऊन तक्रार क्लोज करतो. रात्री नऊला पुन्हा तेच रडगाणे. लाइन खराब असते आणि कागदावर मात्र ती दुरुस्त झालेली असते.

स्पीड टेस्ट चुकीचा प्रश्न विचारते, हे या पत्रातून आम्हाला ठामपणे सांगायचे आहे. प्रत्यक्ष खेळताना एक-दोन एमबीपीएसच्या आतच काम भागते. 2023 पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला लागणारा किमान 2 एमबीपीएसचा वेगही त्याला पुरतो. खेळाला हवा असतो वेळेवर पोहोचणारा डेटा. तो सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जे मिलिसेकंद लागतात, त्यांना पिंग म्हणतात. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या ऑनलाइन गेमचे सर्व्हर खेळाची स्थिती सेकंदाला 128 वेळा ताजी करतात, म्हणजे साधारण दर 7.8 मिलिसेकंदांनी. लाइन पाव सेकंद अडखळली की अशा 32 फेऱ्या हुकतात आणि समोरचा खेळाडू भिंतीआडून थेट अंगावर आलेला दिसतो. स्पीड टेस्टच्या सरासरीत तो पाव सेकंद कुठेच दिसत नाही.

दोष नेमका कुठे आहे हे शोधायला महागडी यंत्रे लागत नाहीत. संगणक लॅन केबलने थेट राउटरला जोडावा आणि कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडाव्यात. पहिलीत राउटरला पिंग लावावा (बहुधा 192.168.1.1), दुसरीत ट्रेसरूटच्या (डेटाच्या वाटेतले टप्पे दाखवणारी आज्ञा) यादीत राउटरनंतर येणाऱ्या पहिल्या पत्त्याला आणि तिसरीत बाहेरच्या एखाद्या ठरलेल्या सर्व्हरला. रात्री आठ ते अकरा या वेळेत, घरातले बाकी डाउनलोड-अपलोड थांबवून, दहा मिनिटे तिन्ही चालू ठेवावेत. पहिलीत आकडा 1 मिलिसेकंदाच्या वर उड्या मारत असेल तर दोष घरातला. पहिली शांत आणि दुसरी बिघडलेली असेल तर घराबाहेरच्या लाइनमध्ये किंवा कंपनीच्या जवळच्या उपकरणात. फक्त तिसरी बिघडत असेल तर कंपनीच्या पुढच्या मार्गात. एक खबरदारी मात्र घ्यावी : मधल्या एखाद्या टप्प्यावर पॅकेट लॉस (डेटाचे तुकडे गळणे) दिसला, पण शेवटच्या टप्प्यावर तो नसेल, तर तो दोष नव्हे. पिंगला उत्तर देणे हे राउटरचे शेवटच्या क्रमांकाचे काम असते.

केबलवर तिन्ही शांत असतील आणि वाय-फायवरच खेळ अडकत असेल तर दोष वाय-फायचा. घरातले दोष बहुतेक असेच असतात. 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, 1, 6 आणि 11. चाळीत किंवा सोसायटीत तिथे गर्दी होणारच. केबल ओढणे शक्य नसेल तर 5 गिगाहर्ट्झ वापरावे आणि राउटर टीव्हीच्या लाकडी कपाटातून बाहेर काढावा.

पण अनेक घरांत लॅगचे (खेळ अडखळण्याचे) जे कारण असते, ते स्पीड टेस्टच्या वेगाच्या आकड्यात दिसत नाही आणि तपासायला आलेल्या माणसालाही दिसत नाही. ते म्हणजे राउटरमधली रांग. समजा अपलोड 10 एमबीपीएस आहे आणि राउटरच्या बफरमध्ये (डेटा रांगेत थांबतो त्या जागेत) 1 मेगाबाइट डेटा मावतो. घरातल्या एखाद्या मोबाइलने फोटोंचा बॅकअप सुरू केला की बफर भरतो. 1 मेगाबाइट म्हणजे 8 मेगाबिट. ते 10 एमबीपीएसने बाहेर पडायला 0.8 सेकंद लागतो. तेवढा वेळ खेळाचे चिमुकले पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभे. पिंग 20 वरून 800 च्या वर जातो, वेग मात्र पूर्ण दिसतो. यावर उपाय आहे : एफक्यू-कोडेल किंवा केक या पद्धतीने रांग सांभाळणारा राउटर घ्यायचा आणि त्याची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या 85 ते 90 टक्क्यांवर बांधायची. शंभरातले दहा एमबीपीएस सोडले की लॅग जातो. एफक्यू-कोडेल 2018 मध्ये खुला तांत्रिक दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाले आणि ते मोफत वापरता येते. तरी कंपन्या जे ओएनटी (फायबरच्या टोकाला बसणारी पेटी) घरोघरी बसवतात त्यांत ही सोय सहसा नसते. ग्राहकाने स्वतःचा राउटर लावायचे म्हटले तर ब्रिज मोड (ओएनटीने राउटरचे काम ग्राहकाच्या राउटरवर सोडणे) मिळवण्यासाठी विनवण्या कराव्या लागतात.

आता फायबरकडे येऊ. ओएनटीपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएम या एककात मोजतात. घरगुती जीपॉन (एका फायबरवर अनेक घरे) जोडणीत नेहमीच्या ओएनटीची सीमा उणे 27 असते. उणे 18 ते 22 असेल तर निर्धास्त राहावे. उणे 26 वर लाइन चालते, वेगही दाखवते, पण जोडपेटीत पावसाचे पाणी शिरले किंवा केबलला बाक आला की पॅकेट गळू लागतात. 3 डेसिबल घट म्हणजे प्रकाश निम्मा. एका फायबरचा प्रकाश 32 वाटांत विभागणारा 1:32 चा स्प्लिटर एकटाच सुमारे 17 डेसिबल खातो, त्यामुळे उरलेल्या मार्गात फार उधळपट्टी परवडत नाही. नेहमी आढळणारी चूक म्हणजे हिरवा आणि निळा कनेक्टर एकमेकांना जोडणे. हिरव्याचे टोक 8 अंशांत तिरके घासलेले असते आणि निळ्याचे तसे नसते. मध्ये हवेची फट राहते, प्रकाश वाया जातो, काही परावर्तित होतो. घाईने बसवलेले फास्ट कनेक्टर, स्प्लायसिंगची (फायबर वितळवून जोडण्याची) टाळाटाळ, खिळ्याला गुंडाळलेली ड्रॉप केबल (घरात येणारी शेवटची तार) यांचेही तेच. प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावला की हे दोन मिनिटांत कळते. तो आकडा ग्राहकाला लेखी मात्र मिळत नाही.

मार्गाचा दोष ग्राहकाच्या हातातच नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे 100 किलोमीटरच्या जाण्या-येण्याला 1 मिलिसेकंद. नागपूरहून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत 20 ते 30 मिलिसेकंद रास्त म्हणता येतील. तिथे 90 दिसत असतील तर डेटा सिंगापूरची वारी करून येतो आहे, अशी शंका घ्यायला हवी. देशातला डेटा देशातच फिरावा यासाठीच 2003 मध्ये निक्सीची (देशातल्या इंटरनेट कंपन्यांना एकमेकींशी जोडणारी संस्था) स्थापना झाली होती.

महोदय, दूरसंचार नियामक ट्रायच्या 2024 च्या सेवा-गुणवत्ता नियमावलीत विलंब आणि पॅकेट गळतीचे निकष आहेत. पण ते संपूर्ण सेवाक्षेत्राचा हिशेब मांडतात, एका घरातली रात्री नऊची लाइन त्यात हरवते. ग्राहकाला आधी तक्रार, मग 30 दिवसांत अपील आणि निकालाला 39 दिवस, असा मार्ग 2012 पासून आहे. अपिलात त्याच्या बाजूने ठेवायला आकडेच नसतील तर तो मार्ग काय कामाचा? 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याची पदके दिली गेली. या खेळाचे मैदान म्हणजे घरातली लाइन आहे. ऑनलाइन परीक्षा देणारी मुलगी आणि डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणारे आजोबा याच लाइनवर असतात.

म्हणून मागणी अशी : लॅगची कोणतीही तक्रार बंद करताना चार आकडे ग्राहकाला संदेशाने पाठवणे बंधनकारक करावे. ओएनटीवरचा प्रकाश डीबीएममध्ये. संध्याकाळच्या वेळेत केबलवरून दहा मिनिटे मोजलेला पॅकेट लॉस. लाइन मोकळी असतानाचा पिंग. आणि डाउनलोड-अपलोड पूर्ण क्षमतेने चालू असतानाचा पिंग. शेवटचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तोच रांग उघडी पाडतो. जाहिरातीतही ‘अपटू शंभर’च्या शेजारी तो छापावा. ब्रिज मोड मागताच मिळावा. एकच सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) अनेक घरांत वाटला जात असेल तर तसे जोडणीआधी सांगावे, कारण ‘स्ट्रिक्ट नॅट’चे (इतर खेळाडूंशी थेट जोडणी होत नसल्याची सूचना) कारण शोधण्यात लोकांचे दिवस जातात. सोबत आयपीव्ही6 (भरपूर पत्ते देणारी नवी पद्धत) चालू करून द्यावे. खांबावरच्या पेटीतली उपकरणे वीज गेल्यावर किती तास तग धरतात, तेही कंपनीने जाहीर करावे. घरातल्या ओएनटीला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावूनही खांबावरचा स्विच बंद पडला तर उपयोग शून्य.

ग्राहकाने स्वतः वर सांगितलेल्या पद्धतीने घेतलेली तारीख-वेळेसह पिंगची नोंद अपिलात पुरावा म्हणून ग्राह्य धरावी, असा आदेश द्यावा, ही विनंती.

आपले,
घरोघरी नेटच्या जोडण्या करणारे आणि ऑनलाइन स्पर्धा खेळणारे महाराष्ट्रातील काही नागरिक