केळीच्या काळ्या जमिनीत प्लॉट पाडू नका

प्रति,
मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: जळगाव जिल्ह्यातील रावेर-सावदा-फैजपूर पट्ट्यातील बागायती जमिनी निवासी वापराला न देण्याबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने रावेरहून फैजपूरकडे निघाले की दोन्ही हातांना केळीच्या बागा लागतात. त्या बागांच्या मधोमध आता सपाट केलेले शेत, मुरमाचे रस्ते आणि रांगेने रोवलेले चुन्याचे दगड दिसू लागले आहेत. गावांना घरे लागतात, हे आम्हाला मान्य आहे. आमचा विरोध जागेला आहे.

एकाने जमीन विकली, तिथे वस्ती झाली, त्यात शेजाऱ्याचे काय गेले, असे विचारले जाते. शेजाऱ्याचेच सर्वांत जास्त जाते, आणि पहिले घर उभे राहण्याच्या आधीपासून जाते.

पाण्यापासून सुरुवात करू. ही जमीन भारी काळी, उतार डोळ्याला दिसणार नाही इतका कमी. पावसाचे पाणी एका शेतातून दुसऱ्यात, तिथून चारीने नाल्याला जाते. लेआउट पाडताना आधी बांध मोडतात, मग चारी बुजते आणि दीड-दोन फूट मुरूम टाकून रस्ता उचलतात. वरच्या शेतासाठी तो रस्ता बंधाराच होतो. एका एकरावर 50 मिलिमीटर पाऊस झाला की दोन लाख लिटर पाणी होते. वर दहा एकर असतील तर वीस लाख लिटर. ते काढायला रस्त्याखाली एखादा अरुंद सिमेंटचा पाइप असतो, आणि तोही पहिल्याच पावसाळ्यात गाळाने भरतो. केळीची बहुतेक मुळे वरच्या फूट-दीड फुटात असतात. पाणी काही दिवस तुंबले की हवा न मिळून ती काळी पडतात, सडतात. पाने पिवळी पडतात आणि निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, झाडे घडाच्या वजनाने मुळासकट आडवी होतात. पाणी ओसरले तरी वाफसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, लवकर येत नाही. जमीन एकदा चिबडली, म्हणजे पाणी धरून बसली, की पुढच्या लागवडीलाही भोवते.

दुसरे नुकसान रिकाम्या प्लॉटचे. केळीवरचा हरण्या रोग, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, मावा किडीतून पसरतो. त्यावर औषध नाही. रोगट झाड उपटून नष्ट करायचे, एवढेच हाती असते. हा विषाणू केन्यासारख्या तणांवर तग धरतो, म्हणून बांध स्वच्छ ठेवा, बागेत काकडी, मिरची, वांगी घेऊ नका, असे शेतकऱ्याला बजावले जाते. प्लॉट घेणारा मात्र भाव वाढण्याची वाट पाहत सुरतेला किंवा पुण्याला बसलेला असतो. तिथले गुडघाभर तण कोणी काढायचे? शेजाऱ्याला त्या जागेत पाय ठेवायचाही हक्क नाही.

मे महिन्यातल्या उष्ण वाऱ्याला अडवायला बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावतात. शेजारची बाग गेली की वारा थेट कडेच्या ओळींवर येतो.

सांडपाण्याचेही तसेच. पावसात ही माती फुगून घट्ट होते, शोषखड्ड्यातले पाणी जिरत नाही आणि शेवटी चारीत येते. उन्हाळ्यात तीच माती आकसून भेगाळते आणि घराच्या भिंतींना तडे जातात. म्हणजे आयुष्याची कमाई घालून घर बांधणाऱ्या माणसाचीही ही फसवणूकच आहे.

एका एकरात पाच बाय पाच फुटांवर 1,742 खोडे बसतात. वीस किलोचा घड धरला तरी जवळपास 35 टन केळी. त्याच एकरात रस्ते आणि खुली जागा सोडून दीड हजार चौरस फुटांचे जेमतेम सोळा प्लॉट निघतात. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते या मातीमुळे आणि हवामानामुळे. ही माती दुसरीकडे नेता येत नाही.

म्हणून बारमाही बागायतीचा एकही गट निवासी झोनमध्ये घेऊ नये. नवा झोन आखण्याआधी जुन्या लेआउटमधले रिकामे प्लॉट मोजावेत. घरे आधी तिथे, गावठाणातल्या पडक्या जागांवर आणि बरड जमिनीवर व्हावीत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार प्रारूप विकास आराखड्यावर हरकतींसाठी 30 दिवस मिळतात, पण राजपत्र आणि वर्तमानपत्रातली जाहिरात शेतात राबणाऱ्याच्या नजरेला पडत नाही. गट क्रमांकांची यादी चावडीवर लावावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी.

जिथे तात्पुरती मंजुरी देऊन झाली आहे, तिथे गावनकाशातला नाला आणि लेआउटचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहावा. मोरी वरच्या क्षेत्राच्या पाण्याचा हिशेब करून बांधलेली असल्याशिवाय अंतिम मंजुरी देऊ नये. आणि जागेची पाहणी मे महिन्यात करू नये. ती ऑगस्टमध्ये, मोठा पाऊस उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी करावी, आणि अधिकाऱ्यांनी लेआउटच्या वरच्या बाजूच्या बागेत उतरून करावी.

आपले,
रावेर-यावल परिसरातील केळी उत्पादक शेतकरी