केकची पाककृती वजनात छापावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अलीकडे घरगुती बेकिंगला नियमित जागा मिळू लागली आहे, याचा माझ्यासारख्या घरी केक करणाऱ्या आणि इतरांना शिकवणाऱ्या वाचकाला मनापासून आनंद आहे. मात्र याच पुरवणीत बदामाच्या साध्या केकची जी कृती प्रसिद्ध झाली, तिच्यात 'एक वाटी बदामाचा कूट, एक वाटी साखर, तीन अंडी किंवा तेवढेच दही' इतकेच प्रमाण होते. टिन किती मोठा घ्यावा आणि ओव्हन किती तापवावा, याचा उल्लेख नव्हता. आमटीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते. केक एकदा ओव्हनमध्ये गेला की त्यात काहीही दुरुस्त करता येत नाही. त्यातून बदाम महाग, म्हणून या एका कृतीच्या निमित्ताने थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेत आहे.

मैदा, लोणी आणि बेकिंग पावडर यांपैकी काहीही न घालता होणारा बदामाचा केक म्हणजे स्पेनच्या वायव्येकडील गॅलिसिया प्रांतातला 'तार्ता दे सांतियागो'. सांतियागो दे कोम्पोस्तेला या यात्रेच्या गावी तो घरोघरी आणि दुकानोदुकानी मिळतो, आणि त्याच्यावर पिठीसाखर भुरभुरवून सांतियागोच्या क्रुसाचा आकार मोकळा ठेवलेला असतो. आपल्याकडे हापूसला जसे भौगोलिक मानांकन आहे, तसे संरक्षण या केकला युरोपीय संघाने 2010 साली दिले. त्या नियमांत बदाम किमान 33 टक्के, साखर किमान 33 टक्के आणि अंडी किमान 25 टक्के असावीत असे म्हटले आहे, आणि हे सारे प्रमाण वजनाचे आहे. घरगुती कृतीत ते साधारणपणे 250 ग्रॅम बदाम, 250 ग्रॅम साखर, पाच अंडी, एका लिंबाची किसलेली साल आणि चिमूटभर दालचिनी असे उतरते. इतके सोपे प्रमाण लक्षात ठेवायला कागदही लागत नाही. ते वाटीत बदलले की मात्र बिघडते.

त्याचे कारण असे की, 240 मिलिलिटरच्या कपात साखर सुमारे 200 ग्रॅम मावते, तर सैल भरलेला बदामाचा कूट जेमतेम 100 ग्रॅम. म्हणजे दोन्ही एकेक वाटी घेणाऱ्याच्या केकमध्ये बदामाच्या दुप्पट साखर पडते. कृतीत नुसते 'साखर' म्हटले असेल आणि वाचकाने पिठीसाखर घेतली, तर तीच वाटी वजनाला कितीतरी हलकी भरते आणि पुन्हा तिसरेच प्रमाण तयार होते. या केकमध्ये साखर केवळ गोडीसाठी नसते. ती जितकी वाढेल तितके अंडे घट्ट व्हायला अधिक तापमान लागते. मग वरचा पापुद्रा तपकिरी होऊन कडक होतो, मधला भाग ओला राहतो आणि बाहेर काढल्यावर केक मध्यभागी खचतो. अशा वेळी घरातली बाई स्वतःच्या हाताला किंवा ओव्हनला दोष देते आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. दोष छापलेल्या प्रमाणात असतो, हे तिला कोणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

अंड्यांचेही असेच आहे. युरोपातले मध्यम अंडे कवचासह 53 ते 63 ग्रॅमचे असते; आपल्याकडे ॲगमार्कच्या प्रतवारीत मध्यम अंडे 45 ते 52 ग्रॅमचे धरतात, आणि कवचाचे वजन त्यातला सुमारे दहावा हिस्सा असते. त्यामुळे परदेशी कृतीतली 'पाच अंडी' आपल्या बाजारातून तशीच उचलली तर मिश्रण कमी पडते. फोडलेल्या अंड्यांचे वजन 250 ग्रॅमच्या आसपास भरेल इतकी अंडी घ्यावीत, मग ती पाच असोत की सहा, असे एक वाक्य कृतीत असते तर पुरे होते.

आता 'तेवढेच दही' या सूचनेबद्दल, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. अंडे न खाणाऱ्या घरांची आपल्याकडे मोठी संख्या आहे आणि त्यांच्यासाठी कृती असावी, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु मैद्याच्या केकमध्ये गव्हातले ग्लुटेन (पिठाला चिकटपणा देणारे प्रथिन) आणि स्टार्च यांचा आधार असतो, म्हणून तिथे अंड्याच्या जागी दही आणि सोडा घालून काम भागते. बदामात ग्लुटेन नसते. मैद्याशिवायच्या या केकला उभे धरणारी वस्तू एकच, ती म्हणजे तापून घट्ट झालेले अंडे, आणि त्यात फेटताना कोंडलेली हवा. ते काढून दही घातले तर टिनमध्ये केक नव्हे, बदामाचा ओलसर गोळा तयार होतो. बिनअंड्याचा बदाम केक करायचा असेल तर त्यात मैदा किंवा बारीक रवा हवाच, आणि सोड्याचे व दह्याचे प्रमाण वेगळे बसवायला हवे. ती स्वतंत्र कृती आहे. ती तशीच स्वतंत्र, करून पाहून छापावी. 'किंवा' या एका शब्दात ती उरकण्यासारखी नाही.

याच कृतीच्या मथळ्याशेजारी 'ग्लुटेनमुक्त' असे छापले होते आणि खाली टिनला तूप लावून मैदा भुरभुरवण्यास सांगितले होते. सीलिॲकचा, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार असलेल्या माणसाला एवढा मैदाही त्रासदायक ठरतो. तळाशी बटर पेपर घातला आणि कडांना तूप लावले की मैद्याची गरजच उरत नाही. पुरवणीतल्या इतर चुका केक बिघडवतात, ही चूक माणसाला आजारी पाडू शकते, म्हणून तिची दुरुस्ती आपण अवश्य प्रसिद्ध करावी.

टिनविषयी थोडक्यात लिहितो. वर दिलेले प्रमाण 24 सेंटीमीटरच्या टिनचे आहे. आपल्या छोट्या ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, बहुतेक घरी 18 सेंटीमीटरचा, म्हणजे सात इंची टिन वापरतात, आणि त्याचा तळ मोठ्या टिनच्या जवळपास निम्माच असतो. सारे मिश्रण त्यात ओतले तर थर पावणेदोन पट उंच होतो आणि मधला भाग शिजेपर्यंत कडा करपतात. त्या टिनला 150 ग्रॅम बदाम, 150 ग्रॅम साखर आणि तीन मोठी अंडी पुरतात. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 170 अंश सेल्सिअसवर अर्ध्या तासाच्या आसपास केक होतो. रंग लवकर चढू लागला तर वर फॉइल टाकावी.

बदामाचा कूट कसा करावा, हेही छापायला हवे होते. बदाम उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून सोलावेत, पंख्याखाली पूर्ण कोरडे करावेत, आणि कृतीतल्याच साखरेपैकी दोन-तीन चमचे त्यात घालून मिक्सर थांबवून थांबवून फिरवावा. सलग फिरवला तर तेल सुटून लगदा होतो, आणि मामरा बदामात तेल अधिक असल्याने त्यांचा तर फारच लवकर होतो. कूट रवाळ राहिला तरी चालतो. किंबहुना मला तो तसाच आवडतो, कारण दाताखाली बदाम लागतो.

सगळ्या घरांत वजनकाटा नसतो, असे आपल्या संपादकीय विभागाकडून उत्तर येऊ शकते. त्याला माझे म्हणणे असे की, पाव किलो बदाम आणि पाव किलो साखर वाणी वजन करूनच देतो. कृती ग्रॅममध्ये छापली तर काटा नसलेली गृहिणीही या दोन पुड्या तशाच वापरून मोठ्या टिनचा केक करू शकते. वाटीचे माप द्यायचेच असेल तर ती किती मिलिलिटरची, हे सोबत द्यावे.

तेव्हा विनंती अशी की, पुढील पाककृतींपासून वजन, टिनचा आकार, तापमान आणि वेळ या चार गोष्टी आल्याशिवाय केकची कोणतीही कृती पुरवणीत घेऊ नये, आणि बदामाच्या केकची सुधारित कृती येत्या रविवारी पुन्हा छापावी.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा