सदऱ्यावरचा डाग आणि जामिनावरची सही

यावल, जि. जळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या कादंबरीचे हस्तलिखित वाचून झाले. खुनी बापाचा मुलगा आता चाळिशीला टेकला आहे, रावेर तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक आहे, आणि त्याच्याच शिवारात केळीच्या बागांतून पुन्हा प्रेते सापडू लागतात, ही कल्पना मला मनापासून भावली. म्हणूनच जिथे ती घसरते असे वाटले, तेही मोकळेपणाने लिहितो.

‘बापाचे रक्त’ हा धागा तू काढून टाक. मुलाला तू पिलबागेची उपमा दिली आहेस. पण केळीचे पील म्हणजे त्याच कंदातून फुटलेले तेच झाड असते, माणसाचे मूल तसे नसते. बापाचा गुन्हा मुलाच्या नसांतून वाहतो असे सुचवले, तर गावाने त्या पोरावर जो अन्याय केला त्यात लेखकही सामील होतो.

खरी भीती त्याच्या आठवणीत आहे, आणि ती तू तिसऱ्या प्रकरणात एका परिच्छेदात उरकली आहेस. केळीचा चीक कपड्याला लागला की वाळल्यावर काळपट तपकिरी डाग पडतो आणि तो काही केल्या निघत नाही, हे घड कापणाऱ्या मजुराच्या घरातले लहान पोरही जाणते. असे असताना त्या रात्री आई बापाचा सदरा बाकीच्या धुण्यातून वेगळा काढते, मोरीत भिजत घालते, आणि मुलाला बादलीतल्या पाण्याचा रंग दिसतो. जो डाग निघणार नाही हे तिला ठाऊक आहे, तो ती का धूत होती? हा प्रश्न सात वर्षांच्या मुलाला पडत नाही. नवे प्रेत पाहिल्यावर, इतक्या वर्षांनी पडतो. आणि मग दरवेळी आठवताना ते पाणी थोडे अधिक तांबडे दिसू लागते. आपण पाहिले ते खरे की आता रचतो आहोत, हे त्याला कळेनासे होते. आईला विचारायची हिंमत नाही, कारण तिने होकार दिला तर बापाबरोबर तीही हातची जाईल. कादंबरी येथे आहे, पोलिसांच्या धावपळीत नाही.

अमेरिकेतील विचिटा येथे 1974 ते 1991 या काळात दहा खून करणाऱ्या डेनिस रेडरचे प्रकरण तुला माहीत असेल. तो चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष होता. फेब्रुवारी 2005 मध्ये त्याला पकडण्यापूर्वी पोलिसांनी, विद्यापीठाच्या दवाखान्यात जपून ठेवलेल्या त्याच्या मुलीच्या वैद्यकीय नमुन्यावरून, तिच्या नकळत, डीएनएची जुळणी केली होती. तिच्याच शरीराने बापाविरुद्ध साक्ष दिली आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. पुढे 2023 मध्ये ओक्लाहोमातील पोलिसांनी जुनी, न उलगडलेली प्रकरणे पुन्हा हाती घेतली, तेव्हा तिने स्वतः त्यांना मदत केली. या दोन क्षणांमधल्या वर्षांत तिने काय सोसले असेल, ते तुझ्या नायकाच्या मनात उतरू दे.

बापाला तू नाशिकरोडच्या कारागृहातून पळवले आहेस; ते मला पटले नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्याकडे कैद्याला संचित रजा, म्हणजे काही दिवस तुरुंगाबाहेर घरी जाऊन राहण्याची मुभा, मिळते. त्यासाठी त्याला घरी ठेवून घेण्यास तयार असलेला, जामीन राहणारा नातेवाईक लागतो, आणि पोलीस तशी चौकशी करतात. तेव्हा शिपाई शाळेत येऊ दे, पोरे वर्गातून डोकावत असताना मास्तरांना कागद दाखवू दे, आणि आईच्या आग्रहाखातर मास्तर सही करू देत. रजेच्या काळातच खून झाला, की बाप दोषी असो वा नसो, ती सही त्यांना झोपू देणार नाही. पळून गेलेल्या बापाचा दोष तुरुंगावर ढकलता येतो. सही करून आणलेल्या बापाचा कोणावर ढकलणार?

आणखी एक. रावेरकडची आई तुझ्या धुळ्यासारखी अहिराणी बोलणार नाही. तिच्या तोंडी त्या भागातली लेवा वळणाची बोली घाल; हवे तर संवाद मी तपासून देईन. पोलिसांपुढच्या तिच्या जबाबाचे प्रकरण मात्र तसेच ठेव, त्यातला एक शब्दही हलवू नकोस.

तिसरे प्रकरण नव्याने लिहिलेस की आधी तेवढेच पाठव. पुढचे नंतर पाहू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र